‘काही तक्रार आहे का?’ या प्रश्नानंतर

अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, तेव्हा त्याला एक ठरलेला प्रश्न विचारला जातो : ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक जण मान हलवून ‘नाही साहेब’ म्हणतात, तसे रोजनाम्यात लिहिले जाते आणि पुढच्या आरोपीचे नाव पुकारले जाते. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरचा वकील म्हणून रिमांडच्या, म्हणजे कोठडी ठरवण्याच्या, कामाला उभे राहताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. तो विचारला जावा यासाठी बरीच न्यायालयीन लढाई झालेली आहे, त्यामुळे त्याला मी औपचारिकता म्हणणार नाही. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा, आणि तो विचारला जात नाही म्हणून कायद्यात छापलेली एक चांगली तरतूद जवळजवळ निरुपयोगी झाली आहे, असे माझे म्हणणे आहे.

तांब्याची तार चोरल्याच्या आरोपावरून पकडलेला चाळिशीचा एक माणूस शनिवारी हजर झाला आणि त्याला सोमवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली. शनिवारी तो नीट बोलत होता. सोमवारी आणला तेव्हा घामाने शर्ट अंगाला चिकटलेला होता, हात थरथरत होते आणि बाहीवरून मुंग्या वेचाव्यात तसा तो सारखा काहीतरी वेचत होता. सोबतचा हवालदार म्हणाला, ‘नाटक करतोय, पीसीआर (पोलीस कोठडी) वाढू नये म्हणून.’ अटकेच्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावर ‘प्रकृती ठीक’ असा शेरा होता, आणि त्या दिवसापुरता तो खराही होता. ते नाटक नव्हे हे ओळखले ते कोर्टाच्या पट्टेवाल्याने, कारण त्याचा थोरला भाऊ अशाच अवस्थेत घरी दगावला होता. त्या माणसाला तातडीने सिव्हिल हॉस्पिटलला हलवले आणि तो वाचला. त्याच्या गुन्ह्याच्या कागदपत्रांत दारूचा उल्लेख कुठेही नव्हता.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. यावरची औषधे नवी नाहीत आणि महागही नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरला ती ठाऊक असतात. गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, ओढणाऱ्याची ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरची तडफड, बघवत नाही इतकी वाईट असते, पण धडधाकट माणूस तिने सहसा मरत नाही. म्हणजे कोठडीत जिवाला जास्त धोका असतो तो दारूच्या व्यसनी माणसाला, आणि कायद्याने उपचारांची वाट ठेवली आहे ती मात्र अमली पदार्थ घेणाऱ्यापुरती.

ती वाट कोणती, हे आधी सांगायला हवे, कारण वकिलांपैकीही अनेकांना ती वापरायची सवय नाही. अमली पदार्थ आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळेच एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २७ नुसार नुसते सेवन हाही गुन्हा आहे : गर्द, कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, गांजासारख्या इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा ‘अल्प मात्रे’चा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी अथवा सरकारमान्य रुग्णालयात वा संस्थेत उपचार घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालवता येत नाही. दुसरे कलम ३९. गुन्हा सिद्ध झाल्यावरही न्यायालय लगेच शिक्षा न देता, आरोपीच्या संमतीने, त्याला उपचारांसाठी सोडू शकते. वर्षभरात उपचारांचा अहवाल सादर करायचा, आणि तो समाधानकारक असेल तर समज देऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर मोकळे करायचे. १९८५ सालच्या कडक कायद्यात इतकी माणुसकी शिल्लक राहिली, याचे मला आजही बरे वाटते.

पण कलम ६४-अ वापरण्यासाठी आरोपीला ते आहे हे माहीत हवे, आपण व्यसनी आहोत हे त्याने कबूल करायला हवे, मान्यताप्राप्त केंद्र शोधायला हवे आणि तिथले कागद न्यायालयात आणायला हवेत. ही सगळी कामे टर्कीत असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने किंवा त्याच्या धुणीभांडी करणाऱ्या आईने करायची आहेत. कोकेनच्या प्रकरणात २००१ मध्ये अटक झालेल्या एका हिंदी चित्रपट अभिनेत्याला मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेतल्यानंतर विशेष न्यायालयाने याच कलमाखाली खटल्यातून मुक्त केले, ते २०१२ मध्ये. त्यात काहीही गैर झाले नाही. कायदा जसा वापरावा तसाच वापरला गेला. पण चांगले वकील असतानाही त्या वाटेवर अकरा वर्षे गेली, मग मोफत वकील मिळालेल्या आरोपीची गत काय होत असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

तो वेगळाच मार्ग धरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटले, त्यामुळे अल्प मात्रेतही जामीन न्यायालयातूनच घ्यावा लागतो आणि जामीनदार लागतो. ज्याला घरच्यांनी टाकले आहे त्याला जामीनदार कोण राहणार? मग ‘गुन्हा कबूल आहे’ म्हणून टाकायचे, दंड भरायचा किंवा आत काढलेले दिवस शिक्षेत धरून घ्यायचे आणि सुटायचे. दंडाधिकारी न्यायालयात सेवनाचे खटले दिवसात दहा-दहा निकाली निघतात ते असे. कागदोपत्री प्रकरण निकाली निघालेले असते, आणि त्या संध्याकाळी तो मुलगा पुन्हा त्याच गल्लीत असतो. फरक इतकाच, की आता पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पोलीस पडताळणीत त्याच्या नावापुढे शिक्षा दिसणार असते.

कलम ६४-अ मध्ये आणखी एक विचित्र गाठ आहे. ही सवलत ‘व्यसनी’ माणसासाठी, आणि व्यसनी म्हणजे त्या पदार्थावर अवलंबून असलेला, अशी कायद्याची व्याख्या आहे. म्हणून एखाद्या सहलीत मित्रांबरोबर पहिल्यांदाच चिलीम ओढलेला मुलगा या कलमात बसत नाही. त्याला आजार नाही, म्हणून त्याला उपचार नाहीत, म्हणून त्याला शिक्षा. अशा मुलांसाठी बरे दिसावे म्हणून ‘व्यसनी’ असल्याचा दाखला मिळवणारी मंडळी मी पाहिली आहेत; त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

मात्रेची गाठ याहून अवघड आहे. कायद्यातली अल्प मात्रा गांजासाठी एक किलो, चरससाठी शंभर ग्रॅम, हेरॉइनसाठी पाच ग्रॅम आणि तरुणांत ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेफेड्रोनसाठी अवघी दोन ग्रॅम आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या गर्दमध्ये हेरॉइन थोडे आणि भेसळ जास्त असते. २००८ च्या एका निकालानुसार जप्त मालातला शुद्ध पदार्थ किती, हे पाहून मात्रा ठरवली जात असे. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हिरासिंग प्रकरणात ती भूमिका बदलली आणि भेसळीसकट सगळे वजन धरायचे ठरवले. विक्रेते भेसळीच्या आडून सुटतात, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्याचा फटका कोणाला बसतो हे हिशेबाने पाहावे. चार-सहा दिवसांची बेगमी म्हणून सहा ग्रॅम पुडी जवळ ठेवणाऱ्याकडे शुद्ध हेरॉइन कदाचित अर्धा ग्रॅमही नसेल. तरीही तो अल्प मात्रेच्या बाहेर गेला. त्या पुडीसाठी कलम ६४-अ नाही, कलम ३९ नाही, आणि शिक्षेची कमाल मर्यादा एकदम दहा वर्षे सक्तमजुरी. पुडीत जितकी जास्त खडूची पूड, तितका माणूस मोठा गुन्हेगार, असा हा न्याय झाला आहे. संसदेने निदान स्वतःच्या वापरासाठी बाळगलेल्या मालापुरते कलम ६४-अ आणि ३९ यांना मात्रेच्या या सीमेतून मोकळे करावे. माल विक्रीचा होता हे दाखवण्याचा भार सरकार पक्षावर राहू द्यावा.

दारूकडे वळले की चित्र आणखी विरळ होते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि परवान्याशिवाय दारू पिणे त्यात आजही गुन्हाच आहे, हे सांगितले की राज्यातल्या हॉटेलांत बसणारे हसतात. या कायद्याचे कलम ८५ सार्वजनिक जागी झिंगून गोंधळ घालणाऱ्यांना लागते. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना लागते : रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५५ खाली दारुड्याच्या गैरवर्तनासाठी समाजसेवेची शिक्षा आली, याचे कौतुक झाले. समाजसेवा म्हणजे मात्र विनामोबदला काम, उपचार नव्हे. थरथरत्या हाताने बाग झाडून कोणाची दारू सुटत नाही. एनडीपीएसच्या ६४-अ सारखी तरतूद यांपैकी एकाही कायद्यात नाही.

आणि दारूचा खरा पसारा या कलमांत दिसतच नाही. तो मारहाणीच्या, कौटुंबिक हिंसेच्या, चोरीच्या गुन्ह्यांत लपलेला असतो. पोलीस ठाण्यात येणाऱ्या कितीतरी बायका सांगतात, ‘साहेब, त्याला आत टाकू नका, घर कोण चालवणार, पण त्याची दारू तेवढी सोडवा.’ ठाणे अंमलदाराकडे या मागणीसाठी कुठलाच रकाना नाही. तो एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतो, फार झाले तर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करतो आणि नवऱ्याकडून सहा महिन्यांचे शांततेचे बंधपत्र घेतो. त्या बाईने मागितले होते उपचार, आणि मिळाला शंभराच्या स्टॅम्पवरचा कागद. १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा अशा गुन्ह्यांना लागू करता येतो आणि त्यात न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीबरोबर अटी घालू शकते, ज्यांत नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याची अट कायद्यानेच नमूद केलेली आहे. म्हणजे दार तेही आहे. ते उघडले जात नाही, कारण ते उघडायचे ते खटला संपताना, आणि आजार असतो तो अटकेच्या दिवशी.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की उपचारांच्या नावाखाली बडे गुन्हेगार सुटतील. २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून मेफेड्रोन प्रकरणातला आरोपी पळाला आणि तो रुग्णालयात राहून काय काय चालवत होता याच्या बातम्या महिनोन्‌महिने आल्या, तेव्हापासून हा आक्षेप अधिकच जोरात ऐकू येतो. लोकांची चीड योग्यच होती. पण तो माणूस व्यसनमुक्तीसाठी दाखल नव्हता, आणि कलम ६४-अ व्यापारी मात्रेच्या, म्हणजे विक्रीइतका मोठा साठा सापडलेल्या, आरोपीला मुळात लागूच होत नाही. रुग्णालयाचा वॉर्ड पैसेवाल्यांना विश्रामगृहासारखा वापरू देणे हा तुरुंग प्रशासनाचा रोग आहे. त्याचे औषध गर्दुल्ल्याला उपचार नाकारणे हे असू शकत नाही.

मला जास्त छळणारा आक्षेप वेगळा आहे : पाठवायचे म्हटले तर पाठवायचे कुठे? दिल्लीच्या एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या पावणेसहा कोटींच्या आसपास होती, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कुठल्या तरी स्वरूपाचे उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. जी मोकळी जागा सरकारने सोडली ती कोणी भरली, हेही पाहिले पाहिजे. माझ्याच एका अशिलाच्या आईने मंगळसूत्र गहाण ठेवून मुलाला तीन महिने एका खासगी ‘नशामुक्ती केंद्रा’त ठेवले. तो बाहेर आला तेव्हा पायाच्या घोट्याला साखळीचे वळ होते. केंद्राचे प्रमाणपत्र मी न्यायालयात दाखल केले, तर सरकारी वकिलांनी मान्यतेचा कागद मागितला, आणि केंद्राकडे होती ती केवळ धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी. सरकारी वकिलांचे बरोबर होते. मुलाचे तीन महिने, आईचे सोने आणि कलम ६४-अ, तिन्ही एकदम गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत, अशा आस्थापनांना नोंदणी सक्तीची केली आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यावर संपूर्ण बंदी घातली आहे. न्यायालयात उपयोगी पडेल अशी नोंदणीकृत आणि मान्यताप्राप्त केंद्रांची यादी प्रत्येक दंडाधिकारी न्यायालयाच्या फलकावर लावायला किती खर्च येतो? एक कागद, चार टाचण्या.

महाराष्ट्रात या कामाचे नमुने नाहीत असे नाही. पुण्याच्या येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे, मनोरुग्णालय आहे, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारावर सुरू केलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. गर्दच्या लाटेत पोरे जाताना पाहून ते सुरू झाले; पुढे तिथे दारूचे रुग्ण अधिक येऊ लागले. साधारण पाच आठवड्यांचा मुक्काम, मग वर्षानुवर्षांचा पाठपुरावा, आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट, अशी तिथली रीत आहे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनविरोधी उपक्रमाने तालुक्याच्या गावी उपचारांची सोय नेली, म्हणजे जिथे पिणे बेकायदा आहे तिथेही पिणाऱ्याला रुग्ण मानता येते हे दिसले. एकाच येरवड्यात कारागृह आणि मुक्तांगण या दोन इमारती इतक्या जवळ असताना न्यायालयातून निघणारी गाडी सवयीने एकाच फाटकाशी थांबते, हे मला कधीकधी फार विचित्र वाटते.

परदेशातले दाखले देताना जपून राहावे. पोर्तुगालने २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले, ते सगळ्यांना पाठ असते. पण तिथे पकडलेल्या माणसाला एका समितीसमोर प्रत्यक्ष बसावे लागते, आणि त्या समितीत कायद्याबरोबर आरोग्य व समाजकार्यातली माणसे असतात, हे सांगायचे राहून जाते. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० मध्ये मतदानाने गुन्हा काढला, शंभर डॉलरचा दंड ठेवला आणि हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ केला. फारच थोड्यांनी फोन केला, आणि २०२४ मध्ये ते राज्य पुन्हा फौजदारी गुन्ह्याकडे वळले. आपल्याकडेही १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. चिठ्ठीवर तो लिहून देणे म्हणजे उपचार, अशी समजूत आपण करून घेऊ नये.

उरतो घसरण्याचा प्रश्न. व्यसनमुक्तीच्या गटांत ज्याला ‘स्लिप’ म्हणतात ती या आजारात अपेक्षितच असते. मधुमेह्याची साखर वाढावी तशी. न्यायालयाला मात्र ती वचनभंग वाटते. कलम ६४-अ मधले शब्द इथे नीट वाचले पाहिजेत : उपचार पूर्ण केले नाहीत तर दिलेले संरक्षण काढून घेता येते. अट उपचार पूर्ण करण्याची आहे, पुन्हा कधीच न घसरण्याची नाही. घसरून पुन्हा केंद्रात परतलेला माणूस उपचार घेतच असतो, आणि डॉक्टरांच्या अहवालात हे स्पष्ट लिहिले तर न्यायाधीश ते मान्य करतात, असा माझा थोडाफार अनुभव आहे.

आता तो प्रश्न. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ यानंतर, चोरीचा असो की पुडीचा, प्रत्येक नव्या आरोपीला एवढेच विचारायचे : ‘रोज काही घेतोस का? शेवटची कधी घेतलीस?’ उत्तराचा उपयोग गुन्हा शाबीत करण्यासाठी होणार नाही, हे उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाने आधी पक्के करावे, नाहीतर कोणी खरे बोलणार नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलची तपासणी, कोठडीतल्या औषधांचा आदेश, आणि आरोपीची इच्छा असल्यास कलम ६४-अ चा अर्ज. सोमवारी ज्या न्यायाधीशांसमोर ऐंशी प्रकरणे असतात त्यांना यासाठी वेळ नाही, हे मला मान्य आहे. म्हणून हे काम आम्हा रिमांडच्या वकिलांवर टाकावे. अमली पदार्थांच्या बळींना कायदेशीर साहाय्य देण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची योजना आहेच. तिच्या आधारे आरोपी आत येण्यापूर्वी बाहेरच्या बाकावर आम्ही त्याला हे विचारायचे, छापील नमुन्यात लिहायचे आणि तो कागद रिमांडच्या अर्जाला जोडायचा. त्या तांब्याच्या तारेवाल्याशी शनिवारी मी याच बाकावर पाच मिनिटे बोललो होतो. जामीनदार कोण आहे, एवढेच मी त्याला विचारले.